चौथं शील

प्रिय दादा,

जय भीम. आई बरी आहे. तुझी बाइक रोज पुसते, चालवत मात्र कुणी नाही. धनेश शेठच्या वर्कशॉपमधली नोकरी सोडल्यापासून मी घरातच असते. कोपऱ्यावरच्या दुकानात निघाले तरी आई चपला घालून मागे येते. मी बी.कॉम. झाले तेव्हा तू नावड्याच्या अख्ख्या कॉलनीत पेढे वाटले होतेस, 'आता हिला कोण अडवतंय!' म्हणत. आज तू तळोजा जेलमध्ये आणि मी या दोन खोल्यांत.

काल तुझ्या वकील अख्तरुन्निसा मॅडम भेटल्या. येत्या तारखेला जजसाहेब आरोप वाचून दाखवतील आणि विचारतील, गुन्हा कबूल आहे का. तू 'कबूल' म्हणणार, असं त्यांना सांगितलंस म्हणे. तुझं म्हणणं, शेठच्या डोक्यात पाना मारला तो मारलाच, आता खोटं बोलून चौथं शील मोडणार नाही. मॅडम वैतागल्या होत्या, "तुझा भाऊ कोर्टात येतोय की विहारात?" मला हसू आलं आणि रडूही.

अरे, 'कबूल नाही' म्हणजे 'मी मारलं नाही' असं नव्हे. त्याचा अर्थ एवढाच, की आरोप सरकारने सिद्ध करावा. मग साक्षीदार बोलावतात, आपल्या वकिलांना त्यांना उलट प्रश्न विचारता येतात. का मारलंस, हे तेव्हा कोर्टापुढे येतं. 'कबूल' म्हटलंस की शिक्षाच, कुणाला काही विचारायचं कारणच उरत नाही. खटला चालला तरी सुटशीलच असं नाही, वेळही लागेल, हे मॅडमनी साफ सांगितलं.

पण तुझं खरं कारण शील नाही. साक्षीदारांत पहिलं नाव माझं आहे. भर कोर्टात मला उभं राहावं लागू नये, म्हणून तू कबूल करतो आहेस. आईचंही तेच, पोरीची जात, बभ्रा नको. पोलिसांनी पाना कुणी मारला एवढंच विचारलं, मी खरं ते सांगितलं. त्याआधीचं कुणी विचारलंच नाही.

हे पत्र तुझ्याआधी जेलमधले साहेब वाचतील. वाचू देत. शेठने ऑफिसचं दार आतून लावलं होतं, माझं तोंड दाबलं होतं. मी त्याच्या हाताला चावून ओरडले, म्हणून तू वर्कशॉपमधलं काम टाकून, हातात पाना तसाच, दार तोडून आत आलास. हे मी पहिल्यांदाच लिहिते आहे. कोर्टातही मला हे सांगायचं आहे, आणि तू 'कबूल' म्हणालास तर मला कुणी बोलावणारच नाही. आता मला वाचवू नकोस, दादा. 'कबूल नाही' म्हण.

तुझ्या साक्षीला उभी राहणारी,
तुझीच संघप्रिया