तळ्यावरच्या बागेचा नकाशा

३ मार्च
गडहिंग्लजची एसटी चक्क वेळेवर पोचली, सुरुवात तर झकास! कोल्हापुरातली ही बाग जुनं तळं बुजवून केलेली. पाच-पाच मीटरचे चौकोन पाडून जमीन कुठं पोकळ आहे ते फोनमधल्या नकाशावर दाखवायचं. हिरवा म्हणजे ठीक, लाल म्हणजे धोका. राहायला बागेतलीच खोली. मला कामावर घेणाऱ्या वर्षाराणी मॅडमनी दुपारी घरी जेवायला नेलं, तांबड्या रश्श्याची वाटी रिकामी होऊ दिली नाही. घरी कोण कोण असतं, विचारलं. सांभाळणारी आत्या गेल्या वर्षी गेली, आता कोणी नाही म्हटल्यावर त्यांचे डोळे भरले. आजपासून ताई म्हणायचं, म्हणाल्या. खरं सांगतो, खोलीवर येऊन रडलो.

५ मार्च
माळी जोतीरामकाका वल्ली आहेत. हिरवळीवर पाऊल टाकत नाहीत, कडेच्या दगडांवरून तोल सावरत चालतात. मलाही दरडावलं, ‘पावणं, गवतात पाय ठिवू नगा, दगडावरनं चला की!’ मी हसलो. यंत्राची सळई ठोकून चाळीस चौकोन तपासले. सगळे हिरवे, मधला एकच लाल.

८ मार्च
कालपर्यंत मध्यावर असलेला लाल चौकोन आज माझ्या खोलीच्या दारात आहे. यंत्र बिघडलं म्हणून तीनदा मोजलं. ताईंना कळवलं. रविवारी मुलांसाठी बाग उघडायचीय, तेवढं उरकून घे, आणि जेवत जा वेळेवर, म्हणाल्या.

९ मार्च
जुने नकाशे उघडले. गेली तीन वर्षं तेच. मार्चमध्ये एक लाल चौकोन फिरतो, मग तपासणाऱ्याच्या पायाखाली येतो, दुसऱ्या दिवशी सगळी बाग हिरवी. तपासणाऱ्या तिघांचेही फोन बंद. प्रत्येक नावापुढं शेरा: ‘घरी कोणी नाही.’
माझ्याही नावापुढं आहे. ३ मार्च, दुपारी अडीच. म्हणजे ताईंच्या घरी जेवून मी हात धुवायला उठलो तेव्हा.

१० मार्च
फोन केला. ताईंनी नाकारलंसुद्धा नाही. तळ्याला वर्षाला एक माणूस लागतं, नाही दिलं तर ते पोरांना घेईल, म्हणाल्या. रडत होत्या. रडता कशाला? मी तुम्हाला ताई म्हटलं होतं, मनापासून—
बॅग भरली. दाराबाहेरची माती दबते. उजाडताच जोतीरामकाका दगडांवरून मागच्या फाटकाशी नेणार आहेत. तेवढा एकच माणूस—

११ मार्च, सकाळ
काकांनी वाटेत बागेतल्या मधल्या दगडी कट्ट्यावर बसवलं. दगुड पक्का हाय, रिक्षा आणतो, हलू नगा, म्हणाले.
फाटकाला साखळी लागली. काका बाहेर. शेजारी ताई, फोनमधला नकाशा बघतायत.
मीही बघतोय. दारातला लाल चौकोन हिरवा झाला. वाट हिरवी. सगळी बाग हिरवी.
फक्त हा कट्टा—
दगड खाली चाललाय—
ताई, एकदा तरी इकडं बघा, मी—