कोरडं पाचारण

बाई, तुमच्यासमोर मी कधी बसून बोलले नाही. उभ्यानंच बोलले, हातात परात नाहीतर झाडू. आज बसलेय. काळेवाडीतल्या आमच्या खोलीत पंखा चालू आहे, नात दुपारची झोपलीय, सून कंपनीत आहे आणि लेक चाकणला सेकंड शिफ्टला गेलाय. माझं अक्षर तुम्हाला माहीत आहे, तेव्हा कपाळाला हात लावू नका. कामाचं सांगते. मला परत आफ्रिकेत, मलावीला जायचं देवाचं पाचारण आलंय.

आलंय म्हणजे कसं, ते विचारा. चर्चच्या मंडळीत लोक साक्ष द्यायला उभे राहतात तेव्हा कुणाला उजेड दिसलेला असतो, कुणाचं अंग थरथरलेलं असतं, कुणी माइक धरून रडतं. माझं तसलं काही नाही. मी कणीक मळत होते. कुणी म्हणावं गॅस बंद कर, तसं आतून आलं, परत जा. बस्स. हात धुतले, पोळ्या केल्या, डबे भरले. दुसऱ्या दिवशी परत तेच. पोराचे बाबा गेल्यापासून माझ्या आत काही हलत नाही, बाई. त्यांना माती दिली त्या दिवशीसुद्धा मी चहाला दूध पुरेल का ते बघत होते. म्हणून आधी वाटलं, बीपीची गोळी विसरले असेन. गोळी घेतली. तरी येतंच राहिलं.

पाळकसाहेबांना सांगितलं. तरुण आहेत, गोड बोलतात. म्हणाले, "काकू, तिकडची ओढ वाटते का? मनाला शांती आहे का?" मी म्हटलं, "ओढ नाही, शांती नाही, अशांती पण नाही. जायचंय एवढं कळतंय. बसची पाटी वाचावी तसं." ते हसले, मग माझं तोंड बघून हसू आवरलं. म्हणाले, "थोडं थांबा, प्रार्थना करा." आता या गुडघ्यांनी मी किती थांबू? मलावीत आम्ही जिथं कामाला होतो, त्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंचा नाताळला फोन येतो. यंदा सांगत होत्या, पेशंटच्या नातेवाइकांची खानावळ बंद पडलीय, बाळंतिणींच्या आया अंगणात तीन दगड मांडून शिजवतात. तुम्ही या, असं म्हणाल्या नाहीत. नुसतं सांगितलं.

तुम्ही असतात तर मला एवढं विचारावं लागलं नसतं. चौथीत मी नापास झाले तेव्हा मिशनच्या होस्टेलच्या बाकीच्या बाया म्हणाल्या, घरी पाठवा हिला. तुम्ही म्हणालात, "पाटीवर हात चालत नाही ना, परातीत चालेल," आणि मला स्वयंपाकघरात ओढलंत. मी अजून तिथं दिसते मला. धुरानं डोळे चुरचुरतायत, ज्वारीच्या भाकरीची चवड वाढतेय, आणि मी मोठ्या भक्तीनं डोळे मिटून प्रार्थना लांबवतेय. पाठीत धपाटा. "देवाला घाई नाही, पोरींना भूक आहे. आमेन म्हण आणि तवा बघ!" मला तेव्हा राग आला होता. आता वाटतं, एवढंच शिकले मी आयुष्यात.

आणि मूठ. शिजवायला घेण्याआधी एक मूठ प्रभूच्या कामासाठी बाजूला, ही तुमची शिस्त. मलावीला गेले तरी हाताची ती सवय सुटली नाही. पोराचे बाबा तिथं दवाखान्याची गाडी आणि जनरेटर बघायचे, मी खानावळीत. रोज मक्याच्या पिठाची एक मूठ मी वेगळ्या डब्यात टाकायचे. तिथली मुख्य स्वयंपाकीण बघत होती. तिनं डॉक्टरीणबाईंना जाऊन सांगितलं, ही भारतातली बाई पीठ चोरते. बोलावलं मला. भाषा येत नव्हती, म्हणून मी डबा उघडला आणि बोट वर केलं, देवाचं आहे म्हणून. तर ती बया छताकडं बघायला लागली, तिथं आणखी काय लपवलंय ते शोधायला! हसू नका. डॉक्टरीणबाईंनी उलगडून सांगितल्यावर तिनं एकच विचारलं, "पण पीठ हिचं आहे का?" नव्हतंच. दुसऱ्याच्या पिठातली मूठ काढून मी देवाला देत होते. दुसऱ्या दिवसापासून मी माझ्या वाट्याच्या पिठातून काढायला लागले. मग तीही काढायला लागली. तिची एक मूठ म्हणजे माझ्या दोन.

आता तेच डोक्यात बसलंय. मी गेले तर नातीला कोण बघणार? सुनेला कंपनी सोडावी लागेल. गियर बनवणाऱ्या कंपनीत क्वालिटीला आहे ती, नुकतीच पर्मनंट झालीय, केवढी मिरवत होती ते गळ्यातलं कार्ड. म्हणजे मी देवाला द्यायला निघालेय ते परत तिच्याच पिठातलं ना? म्हणून काल रविवारी जेवताना सगळ्यांसमोर विषय काढला. लेक उसळला. "आई, डोकं ठिकाणावर आहे का तुझं? या वयात? तिथं आजारी पडलीस तर मी काय विमान घेऊन येऊ?" सून मात्र वरण वाढत राहिली.

भांडी घासताना मी तिला म्हटलं, "तू काही बोलली नाहीस."

"काय बोलू, आई? पाळकसाहेबांच्या मिसेसनी मला मागच्याच आठवड्यात तुमचं सांगितलं. मी पाळणाघर बघून आले. कंपनीच्या बसच्या वाटेवरच आहे, तिथली बाई बरी वाटली."

"मला विचारलं नाहीस."

"तुम्ही तरी कुठं विचारलं?" मग नळ बंद करून म्हणाली, "अहो, मी अडवून तुम्ही थांबणार आहात का? उगाच मंडळीत माझं नाव, सुनेनं देवाचं काम अडवलं. जा तुम्ही. नोकरी मी सोडणार नाही आणि पोरगी पण उपाशी राहणार नाही."

बरोबर बोलली. एक शब्द चुकीचा नाही. माझा सगळा घोर तिनं आधीच मिटवून ठेवला होता. मी ताटं पुसून मांडणीत लावली आणि आज सकाळी डॉक्टरीणबाईंना फोन करून येते म्हणून सांगितलं. त्या आनंदानं ओरडल्या, मी फोन जरा कानापासून लांब धरला.

हे पत्र कुठं टाकणार? तुमच्या कबरीवर ठेवलं तर शेळ्या खातील. गादीखाली राहू दे. पण बाई, तुम्हाला म्हणून सांगते, एवढ्या दिवसांत पहिल्यांदा काहीतरी टोचलं मला, ते ती जा म्हणाली तेव्हा. गेलेच असते मी. पण तिनं एकदा, नुसतं तोंडदेखलं, नका जाऊ म्हणायला हवं होतं.