घाटीवरचे तीन बाक

मी, यशवंत बाबू शिवलकर, वय अडुसष्ट, धंदा आंब्याची आडत, राहणार मांडवी, रत्नागिरी, डोके ठिकाणावर, कान त्याहून ठिकाणावर आणि पाय नेहमीसारखे अर्ध्या वाटेवर असताना, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहून ठेवतो.

१. राहते घर माझी एकुलती एक मुलगी सौ. विमला हिला द्यावे. माळा तिने भाड्याने द्यावा. जिना चढण्याची आमच्या घराण्यात पद्धत नाही.

२. आडतीची गादी व तराजू जावई बाळा यास. बाळा हा माझी बहीण सोनूबाई हिचा मुलगा. मामाची मुलगी करायची आमची रीत; माझ्या आईवडिलांचेही तसेच. त्यामुळे दागिने घरात राहिले आणि आजारही घरातच राहिला.

३. तरुणपणी मी बंदरावर हमालीला गेलो. दोन पेट्या उचलल्या की मांड्यांचा दगड होई. मग पेटीवरच बसायचे आणि व्यापारी एकमेकांच्या कानात काय भाव सांगतात ते ऐकायचे. हमाल म्हणून कुचकामी ठरलो, दलाल म्हणून नाव काढले.

घरापासून वर जाणाऱ्या घाटीच्या पायऱ्यांवर पाय आखडले की मी कोणाच्याही अंगणाच्या गडग्यापाशी थांबून विचारी, "काय वो, म्हस व्याली काय?" गप्पा होईतो पाय सुटत. लोकांनी मला मायाळू समजून नगरपालिकेत निवडून दिले.

पुढे घाटीवर स्वखर्चाने चिऱ्याचे तीन बाक बांधले. एकावर वडिलांचे नाव, दुसऱ्यावर आईचे. तिसऱ्यासाठी मेलेले माणूस उरले नाही, म्हणून "परशुराम यांच्या स्मरणार्थ" असे कोरले. परशुराम म्हणजे सोनूबाईचे यजमान, माझे भावोजी व व्याही. ते हयात असून रोज भाट्याच्या किनाऱ्यापर्यंत चालत जाऊन येतात. विमलाच्या लग्नात ते माझ्या पाठीमागे म्हणाले होते, "हा मेला तरी तिरडीवरना उतरून इसावा मागल." माझे कान ते विसरले.

४. आता नात ओवी, विमला व बाळाची मुलगी. १९९९ साली शाळेच्या शर्यतीत भावोजी कडेने ओरडत होते, "धाव गो आळशे! आईच्या बापावर गेलीस!" पोर धावली. संध्याकाळी लघवी कोकमाच्या आगळासारखी लालकाळी झाली. सलाईन लावून मूत्रपिंडे वाचवली. मुंबईच्या डॉक्टरांनी मांडीच्या स्नायूचा कण काढून तपासला आणि नाव सांगितले: मॅकआर्डल. मग मलाही तपासले, तेच निघाले. स्नायूंत साखरेचा साठा भरपूर, तो फोडणारे एन्झाइम नाही. तिजोरी भरलेली, किल्ली गहाळ.

डॉक्टर म्हणाले, "औषध नाही. सावकाश सुरुवात करा, दुखले की थांबा, मग दुसरा दम येतो. वजन उचलू नका." नंतर एकदा त्यांनीच श्रमाआधी साखरेचे पाणी घ्यायला सांगितले.

ओवीने मला विचारले, "म्हणजे अण्णा, आपण आळशी नाय?"

"नाय गो. पण कोणाला सांगू नको, बसायची सवय झालीय."

भावोजी अजून तिला "हातपाय हलव, बरी होशील" म्हणत विहिरीवर धाडतात. मी मध्ये पडतो. मी गेल्यावर कोण पडेल? म्हणून पुढील कलम.

५. माझी प्रेतयात्रा याच घाटीने न्यावी. सर्वांत पुढे ओवी चालेल, रिकाम्या हाताने. अग्नीचे मडके बाळाने धरावे. निघण्यापूर्वी तिला साखरेचे पाणी द्यावे. "मुलीने येऊ नये" किंवा "सुतकात गोड नको" म्हणणाऱ्याने घरीच थांबून कुत्रा सांभाळावा. लोक एक विसावा देतात, मला तिन्ही बाकांपाशी द्यावा. ओवी बसली की तिरडी खाली ठेवावी, ती उठल्याशिवाय उचलू नये. मला घाई नाही. दुसरा दम आल्यावर ती पुढे निघेल, तेव्हा खांदेकऱ्यांनी तिला गाठून दाखवावे.

६. भावोजींनी ओवीला पाण्याला धाडणे सोडले आणि त्या दिवशी वाटेत एकदाही "चल गो" म्हटले नाही, तर तिसऱ्या बाकावरचे "स्मरणार्थ" खोडून "सौजन्याने" करावे. अट मोडल्यास मजकूर तसाच ठेवावा. आज ना उद्या तो खरा होणारच.

वरील सर्व मी स्वतः लिहिले व दोन्ही साक्षीदारांदेखत सही केली.

मांडवी, रत्नागिरी. २० जून २००५
(सही) यशवंत बाबू शिवलकर

साक्षीदार: (सही) डॉ. गंधार लिमये. लिहून देणार पूर्ण शुद्धीवर आहेत, जरा जास्तच.
साक्षीदार: (सही) ओमकार मयेकर, शेजारी

खाली, वेगळ्या शाईत:
वाचले. अट कबूल. आजपासून पाणी मी भरतो. पण अण्णा, बाकावरचा तो शब्द आत्ताच खोडा वो. काल एक पावणा हार घेऊन आला.
परशुराम