डुकराचं शेपूट कोण धरणार?

प्रिय सिरिल,

('प्रिय' लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. आत्ता समोर असतास तर तोंडात वेगळाच शब्द आला असता.)

अक्षर वाकडंतिकडं आलंय, त्यावरून मला बोलू नकोस. उजव्या मनगटाला पट्टी बांधलेली आहे. आणि फोन का नाही केलास, असंही विचारू नकोस. फोन स्वयंपाकघरात आणि बाबाही दिवसभर स्वयंपाकघरातच. मी जेवायला हाका मारते त्या त्यांना ऐकू येत नाहीत, पण फोनवर कुजबुजले तरी सगळं बरोब्बर ऐकू जातं. म्हणून मागच्या अंगणात डुकराच्या खोपटाला टेकून लिहितेय. फेलिक्सकाकांची सून उद्या तुझ्या ल्युब्ल्यानाला निघालीये, तिच्या हाती देईन. हो, डुक्कर अजून जिवंत आहे. मजेत आहे. वजन तुझ्यापेक्षा जास्त आणि या घरात मान माझ्यापेक्षा जास्त.

अरे, इथे जुलैत कडक थंडी पडली तेव्हाच ते कापून व्हायला हवं होतं. वस्तीतल्या सगळ्यांनी डुकरं कापून कोलिनेचा सण उरकला, सॉसेज धुरावर टांगून झाले, गल्लीभर लसणीचा आणि मरव्याचा वास सुटला. आमचं आपलं खातंय. परवा शेजारच्या दोन्या नेलिदाच्या कुंपणातून घुसलं आणि तिचा सगळा पालक फस्त केला. त्या बाईनं स्पॅनिशमध्ये माझ्या सात पिढ्यांचा उद्धार केला. मी म्हटलं, माझा भाऊ यायचाय म्हणून थांबलोय. ती म्हणाली, भाऊ यायचाय म्हणून डुक्कर जिवंत ठेवलंय? ब्युनोस आयर्समध्ये जन्म गेला तुमचा, पण डोकी अजून तिकडच्या डोंगरातच! आता काय बोलायचं, कपाळ! फेलिक्सकाकांनी तर डुकराचं नावच सिरिल ठेवलंय. रविवारी चर्चच्या पायरीवर चारचौघांत ओरडतात, काय गं रेझ्का, सिरिल काय म्हणतोय? नुसता खातोच आहे ना? सगळे हसतात. बाबाही हसतात. मग घरी येईपर्यंत माझ्या चार पावलं पुढे चालतात.

तू म्हणालास, ईस्टरनंतर येतो. मग म्हणालास, लेकीच्या, मारुशाच्या शाळेला सुट्टी लागू दे. मग ऑफिसात कुणीतरी आजारी पडलं, मग तिकिटं महागली, मग घराचं छप्पर गळायला लागलं. जगातलं एकेक संकट तुझ्याच दारात कसं येतं रे? आणि दर वेळी शेवटी तेच, पुढच्या महिन्यात नक्की. तुझं ते 'नक्की' ऐकून बाबा जातात आणि सुरीला धार लावतात. धार लावून लावून ती सुरी आता निम्मी झालीये. मी ओरडले तर म्हणतात, त्यानं नक्की म्हटलंय.

हे सगळं सुरू झालं तुझ्या त्या फोटोवरून. जानेवारीत पाठवला होतास तो. सासऱ्यांच्या अंगणात बर्फ, मधे कापायला धरलेलं डुक्कर, आणि तू डुकराचं शेपूट धरून दात काढून हसतोयस. तुला वाटलं असेल, म्हातारा खूश होईल. बाबांनी फोटो बघितला, फ्रिजवर चिकटवला, गार झालेला माते चहा ओढत बसले. पंधरा दिवसांनी भर उन्हाळ्यात हे पिल्लू घेऊन आले. मी म्हटलं, या वयात हे काय नसतं खूळ? तर म्हणाले, दुसऱ्याच्या घरचं शेपूट धरतो, आपल्याही घरचं धरेल.

आता तू म्हणशील, शेपूट कोणीही धरेल. तेच तर! मी पण तेच म्हटलं. लहानपणापासून म्हणतेय. आठवतं? तू पाच वर्षांचा, शेपूट धरून भोकाड पसरायचास, आणि मी, तुझ्याहून मोठी, दणकट, रक्ताचं पातेलं ढवळत उभी. हट्ट करून करून दमले, पण बाबांचं एकच, शेपूट घरच्या मुलानं धरायचं, तू आपलं पातेलं सांभाळ. आई म्हणायची, जाऊ दे गं, पुरुषांना तेवढंच जमतं. तू तिकडे राहायला गेल्यावर तर बाबांनी घरचं कोलिनेच बंद केलं. फेलिक्सकाकांकडे जाऊन नुसते बाकावर बसायचे.

एकदा थोडी प्यायल्यावर त्यांनी मला सांगितलं होतं. पंचेचाळीस साली मे महिन्यात युद्ध संपलं, कम्युनिस्ट आले आणि त्यांनी रातोरात गाव सोडलं, तेव्हा खोपटात त्यांचं डुक्कर होतं. आजोबांनी जाताना त्याला दोन दिवसांचं खाणं घालून ठेवलं. दोन दिवसांत परत येऊ असं वाटलं होतं ना. बाबा तेव्हा शेपूट धरायच्या वयाचे, थंडीची वाट बघत होते. पुढे छावणीत, बोटीत, इथे आल्यावर विटा वाहताना, ते आजोबांना विचारायचे, आपल्या डुकराचं शेपूट कुणी धरलं असेल हो? सांगताना हसत होते. मला मात्र हसू आलं नाही.

आता जे लिहितेय ते तुला सांगायचं नाही, अशी शपथ घातलीये मला. गेली उडत शपथ. सिरिल, बाबांचं हृदय साफ थकलंय. मे महिन्यात डॉक्टरीणबाईंनी मला बाहेर बोलावून सांगितलं, पुढच्या वर्षीच्या हिवाळ्याचे बेत करू नका. बाबांना हे माहीत आहे. त्यांनी माझ्याकडून काढूनच घेतलं. मी तेव्हाच तुला फोन लावायला उठले तर हात धरून खाली बसवलं. म्हणाले, त्याला सांगितलंस तर तो घाबरून येईल. मला तो घाबरून यायला नकोय, डुकरासाठी यायला हवाय. इतका राग आला मला! त्यांचाही आणि तुझाही. तुम्ही दोघं एकाच मातीचे हट्टी, आणि मधे भरडली जाते मी.

आणि रविवारी काय झालं ऐक. जेवण झालं, मी भांडी घासत होते. बाबा मागून आले आणि हळूच म्हणाले, रेझ्का, थंडी संपत आली. येत्या शनिवारी उरकून टाकू. शेपूट तू धर.

जन्मभर ज्याच्यासाठी रडले ते असं हातात येऊन पडलं, आणि मला ते नकोसं झालं. ते मला शेपूट देत नव्हते रे, तुझी वाट बघणं सोडत होते. साबणाचा हात तसाच धरून मी ओरडले, आई गं, मनगट मुरगळलं! फेलिक्सकाकांकडून मलम आणलं, पट्टी बांधली. मग म्हटलं, बाबा, पंधरा दिवस तरी मला काही धरता यायचं नाही. त्यांनी पट्टीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाले, मग थांबू या पंधरा दिवस. गेले आणि सुरीला धार लावत बसले. हाताला माझ्या काही झालेलं नाही. त्याच हातानं हे लिहितेय, आणि ही मेली पट्टी मधे मधे येते म्हणून अक्षर असं.

तेव्हा आता मला छप्पर सांगू नकोस, तिकीट सांगू नकोस. ये. दारात रडं काढलंस तर याद राख. बाबांनी विचारलं कशाला आलास, तर म्हणायचं, डुकरासाठी आलो. तू येईपर्यंत मी पट्टी सोडत नाही.

तुझीच, धडधाकट हाताची,
रेझ्काताई