दुसरं टोक

दि. ४ मार्च

चि. बिट्टीस बाबांचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

पत्र बघून दचकू नकोस, सगळे ठणठणीत आहोत. घरात फोन लागत नाही, गच्चीवर लागतो, आणि तिथे तुझी आई मला मनसोक्त चिडू देत नाही. म्हणून पत्र!

अगं, काल तुमच्याच पेपरात पहिल्या पानावर काय छापलंय? ‘विभाग सातच्या एकतीसही घरांत वेगवान इंटरनेट.’ विभाग सात म्हणजे आपली गल्ली! इथे नेट औषधालासुद्धा नाही. कंपनीवाले भिंतीवर पांढरी डबी ठोकून गेले, तिचा हिरवा दिवा लागतो, बस्स. तो दिवा विजेवर लागतो, एवढं चाळीस वर्षं वायरमन असलेल्या माणसाला कळतं. तक्रारीचा फोन केला तर तिकडची बाई साखरेत घोळून म्हणाली, की काका, आमच्याकडे तुमचं नेट चालू दिसतंय, पेपरातसुद्धा आलंय, तेव्हा तक्रार बंद करते. घ्या! म्हणजे आमच्या घरात काय आहे ते आता पेपराला विचारायचं!

बातमीखाली नाव नाही, नुसतं ‘आमच्या प्रतिनिधीकडून’. हा दीडशहाणा कोण ते शोध आणि माझ्यातर्फे त्याचा कान पिळ. आणि तुझं नाव कधी छापून येतंय? फ्रेम आणून ठेवली आहे. आई ती रिकामीच रोज पुसते.

तुझ्यावर लोभ आहे, तुझ्या पेपरावर नाही.

बाबा

दि. ९ मार्च

ती. बाबांस सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. इतकं चिडू नका, डॉक्टरांनी काय सांगितलंय ते विसरलात का? अहो, कंपनीचं छापील पत्रक येतं, हातात जेमतेम दोन तास असतात. बातमीदाराला प्रत्येक गल्लीत जायला जमतंच असं नाही. कदाचित तुमचीच डबी बिघडली असेल. शेजारीपाजारी एकदा नीट बघा ना.

माझी उमेदवारी या महिनाअखेर संपते. संपादक खूश आहेत, कायम करतील असं वाटतंय. कंपनीची पानभर जाहिरात दर रविवारी असते, त्यामुळे तोवर कृपा करून पेपराला पत्रबित्र धाडू नका. कान पिळण्याचं बघते.

आईला सांगा, जेवते वेळेवर. लोभ आहे तेवढाच राहू द्या.

बिट्टी

दि. १५ मार्च

चि. बिट्टीस अ. आ., वि. वि.

बघितलं! शेजारीपाजारी सगळं बघितलं! काय मजा आली म्हणून सांगू!

खांबावर कंपनीची लोखंडी पेटी आहे, माझ्या छातीएवढ्या उंचीवर. सगळ्या घरांच्या वायरी तिथवर येतात, पण पेटीत जातच नाहीत. मागे वेटोळं करून बांधून ठेवल्यात, भिंतीला पक्क्या करायला साधी चिमटीसुद्धा मारलेली नाही. आठवतं तुला, लहानपणी तू एका खोलीत वायरीचं टोक धरून बसायचीस, मी दुसऱ्या खोलीतून ओढायचो आणि वायर हलली की तू ‘आली!’ म्हणून किंचाळायचीस? तेच केलं. आईने घरोघर एकेक माणूस डबीपाशी उभं केलं आणि मी पेटीमागून एकेक टोक ओढलं. शिंपीणबाई ओरडल्या, आली! मास्तर ओरडले, आली! दर खेपेला गल्ली टाळ्या पिटत होती. त्यांना वाटलं नेट आलं! मी मात्र मोजत होतो. एकतीस घरं, एकतीस मोकळी टोकं. शेवटी समजावून सांगितलं तेव्हा मास्तर असे भडकले की चप्पल न घालताच खांबापर्यंत आले.

म्हणजे तुझा तो प्रतिनिधी इथे फिरकलाच नाही. पोरी, वायर ओढून बघितल्याशिवाय जोडली म्हणू नये, हे आमच्याकडे पहिल्या दिवशी शिकवतात. पेपरात नाही का शिकवत? पेपराला पत्र मी धाडणार नाही, तुला शब्द दिला. पण तो बातमीदार खोटं बोलला हे त्याला कळायला हवं.

आई आशीर्वाद सांगते. सापडला का तो?

बाबा

दि. २२ मार्च

ती. बाबांस सा. न. वि. वि.

सापडला. मीच ती.

पत्रकात नुसतं ‘विभाग सात’ होतं, गल्लीचं नाव नव्हतं. ती आपली गल्ली, हे तुमच्या पहिल्या पत्रातून कळलं. तरी मी तुम्हाला डबी तपासायला सांगितलं, याची जास्त लाज वाटते. बाबा, मी ओढून बघितलं नाही हो.

तुमचं दुसरं पत्र घेऊन संपादकांपुढे उभी राहिले. आधी म्हणाले, आतल्या पानात दोन ओळी टाकू. मी हटून बसले, की चूक पहिल्या पानावर झाली, खुलासाही तिथेच यायला हवा. इतके तापले! म्हणाले, मग छापीन तुझ्या नावानिशी, आणि कायम व्हायचं आणखी सहा महिने विसर. मी हो म्हटलं. बाहेर आल्यावर इतकं मोकळं वाटलं की जिना दोन-दोन पायऱ्यांनी उतरले!

कात्रण सोबत आहे. माझं नाव पहिल्यांदा छापून आलंय, तेही असं. फ्रेम परत करून टाका.

रागावला असाल तर रागवा, पण पत्र मात्र पाठवा.

बिट्टी

दि. २८ मार्च

चि. बिट्टीस अ. आ., वि. वि.

परवा सकाळी कंपनीच्या दोन गाड्या आल्या. पेटी उघडली, वायरी आत गेल्या, संध्याकाळपर्यंत एकतीस घरं! शिंपीणबाईंनी तर भाचीला पडद्यावर बघून रडूनच घेतलं. तक्रारवाल्या बाईचाही फोन आला. या वेळी साखर कमी होती.

रागावलो होतो. मग आईने कात्रण मोठ्याने वाचलं, ‘ही बातमी मी त्या गल्लीत न जाता लिहिली’ हे वाक्य तिने दोनदा वाचलं, आणि माझा राग तिथेच ओसरला. चाळीस वर्षांत माझ्याकडूनही चुकीच्या वायरी जोडल्या गेल्या, पोरी. पण खांबावर नाव लिहून चूक कबूल करायची हिंमत मला कधी झाली नाही.

फ्रेम भरली. माझ्या वायरमनच्या लायसनशेजारी लावली आहे.

आमच्याकडेही नेट चालू झालं म्हणतात. आई बघते, मी अजून मानलेलं नाही. रविवारी ये. मी पेटीपाशी उभा राहून ओढतो, तू डबीपाशी टोक धर. वायर हलली नाही, तरच पेटीत घट्ट जोडली म्हणू.

बाबा