ओढणं वेगळं, पेलणं वेगळं

शनिवार, संध्याकाळ. नोव्हायच्या घरी.

उद्या नवा कॅम्पर, म्हणजे ट्रकमागे जोडायचं चाकांवरचं घर, घेऊन लेक सुपिरियरच्या काठी मुक्कामाला निघायचं, आणि माझ्या डोक्यात आठवडाभर आमच्या पिकअप ट्रकच्या दारावरचं ते स्टिकर. ट्रकवर जास्तीत जास्त किती वजन चालेल, ते त्यावर लिहिलंय. नितीनचं एकच, "अगं, आपला ट्रक याहून मोठा कॅम्पर ओढेल." ओढेल, मान्य. पण या कॅम्परचं पुढचं टोक ट्रकच्या पाठीवर टेकतं. ते पेलायला नको? गाड्यांच्या इंजिनियर नवऱ्याला हे कसं सांगायचं?

शेवटी आज हायवेवरच्या वजनकाट्यावर न्यायलाच लावलं. सासूबाईंना म्हटलं, तुम्ही खाली थांबा. त्या म्हणाल्या, "का? उद्या मला इथेच ठेवून जाणार आहात?" बरोबरच होतं त्यांचं. सगळ्यांनी बसूनच वजन केलं. ट्रकवरचा भार जास्त निघाला. नितीनने स्टिकर पुन्हा वाचलं. मला खरं तर जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं, पण मनात एकच आलं: आता ट्रिप कॅन्सल?

घरी येऊन त्यानेच ट्रकमधला जनरेटर आणि लाकडं उतरवली, कॅम्परची पाण्याची टाकी रिकामी केली. पाणी काय, तिथेही मिळेल. पुन्हा काट्यावर गेलो. या वेळी वजन मर्यादेत बसलं, थोडं राखूनसुद्धा. सासूबाई म्हणाल्या, "बघ, मला न उतरवता जमलं."

परतल्यावर नितीनने किल्ली माझ्याकडे दिली. "उद्या सुरुवातीला तू चालव. मला आईशी गप्पा मारायच्यात."

हात आत्तापासूनच शिवशिवतायत.