चेसीखालच्या दोन पट्ट्या

देवगाव रंगारी,
२० सप्टेंबर १९९३

ती. सोनाजीमामास, भाची मुक्ताचा शि. सा. न.

इकडं समदे बरे हायेत. शाळा सातवीत सुटली, तवा अक्षराला हसू नका.

मागच्या महिन्यात आप्पा तुमच्याकडं आलते, तवा गुलमंडीच्या बाजारातून जीपसाठी एक डबी घेऊन आले. ब्याटरीला जोडली की लाल दिवा लागतो. पत्र्यात करंट खेळतो अन् गंज धरत नाय, असं दुकानदार म्हणला म्हणं. दर दिवाळीआधी आप्पा अन् मी जीपखाली सरकून चेसीला जळकं ऑइल फासतो. औंदा आप्पा म्हणतेत, गरज नाय. पण आपली जीप लिलावातली जुनी. चारी चाकं ओढती म्हणून चिखलातनं लासूर स्टेशनवरचं मीठ वाड्यावस्त्यांवर पोचवती. मिठाचं पाणी खाली गळतंच, वर माणसंबी बसतेत. चेसी मोडली तर? तुम्ही वाळूजला कारखान्यात लोखंडावर जस्त चढवायच्या खात्यात हाय, म्हणून इचारते. आप्पासमोर माझं तोंड उघडत नाय, तुम्हाला ठाव हाय.

माझ्यावरला लोभ हाय तसाच राहू द्या.
मुक्ता

वाळूज,
४ ऑक्टोबर

चि. मुक्तास, मामाचे अनेक आशीर्वाद.

पाहुणे आले की कोठीमागं लपणारी पोरगी एवढं लिहिती, म्हणून तुझी मामी हसून बेजार.

आमचे फोरमन नूरमोहम्मद चाचा, त्यांना इचारलं. ते म्हणले, असा करंट जहाजाला अन् पाइपाला देतेत, पण जहाज पाण्यात असतं, पाइप ओल्या मातीत, तिथं करंटला फिरून यायला वाट असते. जीपभोवती नुसती हवा, करंट जाणार कुठं? पण माझ्या बोलण्यावर जाऊ नका, बघून घ्या, असंबी म्हणले. लोखंडाच्या दोन पट्ट्या कानशीनं चकचकीत कर. एक उघड्या तारेनं चेसीला घट्ट बांध. दुसरी शेजारीच, पण मधी ट्यूबचं रबर घालून सुतळीनं बांध, म्हंजे डबीचा करंट तिला लागणार नाय. दोन महिन्यांनी बघ. चेसीवर हातोडीबी मार. चांगलं लोखंड खणकतं, सडलेलं बद वाजतं.

एक कबूल करतो. दुकानात भाऊजींनी माझ्याकडं पाहिलं अन् मी कारखान्यातला शहाणा, मान डोलवली. त्यावरच त्यांनी डबी घेतली. आता कोणत्या तोंडानं लिहू? तूच सांग त्यांना.

माया पातळ होऊ देऊ नको.
सोनाजी

देवगाव रंगारी,
१२ डिसेंबर

ती. मामास, शि. सा. न.

पट्ट्या काढल्या. दोन्ही सारख्याच तांबड्या, नखानं पापुद्रा निघतो, म्हंजे डबीचा उपयोग नाय. मागच्या चाकाच्या पाट्याजवळ, स्प्रिंगपाशी, चेसी बद वाजली. तीनदा आप्पाकडं गेले. एकदा गिऱ्हाईक होतं, एकदा जेवत होते, तिसऱ्यांदा नुसतेच बसले होते, तरी परत आले. एकलीच ऑइल फासायला गेले तर त्यांनी हसून डबा काढून घेतला. तुमचं ते ऐकतेत. तुम्हीच लिहा.

पत्राची वाट बघते.
मुक्ता

वाळूज,
८ जानेवारी १९९४

चि. मुक्तास, आशीर्वाद.

दोनदा लिहिलं, दोनदा फाडलं. संक्रांतीला येतो अन् तोंडानंच सांगतो. इकडं विद्यापीठाच्या नामांतरावरून वातावरण तापलंय, तरी येतो.

मामाला विसरू नको.
सोनाजी

लासूर स्टेशन,
२१ जानेवारी

ती. मामास, शि. सा. न.

नामांतराच्या गडबडीत एसट्या बंद पडल्या अन् तुम्ही आला नाय. गावातली माणसंबी मग जीपकडंच आली. सतरा तारखेला मिठाच्या पोत्यांवर अकरा जण होते. नाल्यात चेसी मागून मोडली. शेजारची पुतळाबाई पोत्यांखाली गेली. ती राहिली नाय. आप्पाचा पाय मोडलाय, इथं दवाखान्यात हायेत.

येईल त्याला आप्पा सांगतेत, मीच जास्त माणसं भरली, मीच मारलं तिला. तीन दिवस ऐकलं. काल सांगून टाकलं, समदं. ते रागावले नाय. कधीपासून ठाव होतं, इचारलं. अजून कोणाला ठाव होतं, तेबी इचारलं. मामा, मी तुमचं नाव घेतलं.

मग म्हणले, दहाव्याला पुतळाबाईच्या पोराला हे सांगायचं, अन् तूच सांगायचं. मला एकलीला जमणार नाय. एसट्या चालू झाल्यात.

लोभ ठेवा म्हणायला जागा राहिली नाय. तरी या.
मुक्ता